जुन्या पोर्टेबल सॉमिलवर फळी लाटेसारखी निघते : तपासणी कुठून सुरू करायची

वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेली सॉमिल, म्हणजे ओंडक्याच्या फळ्या काढायचं यंत्र, दुरुस्त केली, कार्बोरेटर साफ झाला, बेअरिंगं बदलली, रंगसुद्धा मारला. आणि पहिल्याच ओंडक्याला फळीवर लाटा. मधेच २५ मिमी, मधेच २१. अशा वेळी बहुतेक जण थेट फ्रेमवर संशय घेतात. जॅक फिरवतात, रुळाचे बोल्ट सैल करतात, आणि यंत्रात जी एक गोष्ट जागेवर होती तीही हलवून ठेवतात. ब्लेड मात्र कुणी बदलून बघत नाही, कारण ते "नवंच आहे".

हे सगळं आडव्या बँडसॉच्या (दोन चाकांवरून पट्ट्यासारखी धावणारी करवत) फिरत्या यंत्राबद्दल आहे, म्हणजे ओंडका जागेवर राहतो आणि करवतीचं हेड रुळावरून पुढे सरकतं तो प्रकार. गोल करवतीच्या जुन्या यंत्रांना यातलं फारसं लागू होत नाही. आकडे १९ इंची चाकं, सुमारे ४ मीटर लांब, ३२ मिमी रुंद आणि १.०७ मिमी जाड ब्लेड धरून दिले आहेत. वूड-मायझर कंपनीच्या एलटी-४० जातीच्या यंत्रांची मापं साधारण अशीच असतात. तुमचं यंत्र वेगळं असेल तर त्याच्या पाटीवरचं किंवा मॅन्युअलमधलं माप खरं मानायचं.

आधी फळी वाचा

पाना उचलण्याआधी जाडी मोजायचा व्हर्निअर उचला. तीन मीटरची एक फळी घ्या, दर ३० सेंटिमीटरवर दोन्ही कडांची जाडी मोजा आणि आकडे खडूने त्याच फळीवर लिहा. दोष कुठे आहे ते अर्ध्याअधिक इथेच कळतं.

जाडी सगळीकडे सारखी, पण फळी धनुष्यासारखी वाकलेली असेल तर यंत्र निर्दोष आहे. लाकडात ताण होता, तो कापल्यावर सुटला. निलगिरीत हे हमखास होतं. तिरक्या वाढलेल्या झाडाच्या आणि फांद्यांच्या ओंडक्यातही होतं. त्यावर उपाय यंत्रात नाही. एका बाजूच्या दोन-तीन फळ्या काढून ओंडका १८० अंश फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूच्या काढायच्या.

एक कड पूर्ण लांबीभर जाड आणि दुसरी पातळ असेल तर ब्लेड बेडला, म्हणजे ओंडका ज्यावर ठेवतात त्या चौकटीला, समांतर नाही. एक टोक जाड, दुसरं पातळ आणि मधला उतार एकसारखा असेल तर हेड खाली घसरतंय किंवा बेड तिरका आहे. या दोन्ही तक्रारी लाटेच्या नाहीत. त्यांच्यासाठी थेट "बेड, रूळ, हेड" या भागाकडे वळलात तरी चालेल.

खरी लाट म्हणजे जाडी वर-खाली होत राहते. ती गाठीजवळ उसळून पुन्हा जागेवर येत असेल तर संशय धारेवर आणि दातांच्या सेटवर (दात दोन्ही बाजूंना किती वळवलेत त्यावर). ब्लेड नेहमी एकाच दिशेने, फक्त वर किंवा फक्त खाली पळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्यापेक्षा जास्त वळलेले आहेत, किंवा एका बाजूची धार खिळ्याने गेली आहे, किंवा गाइड रोलर, म्हणजे ब्लेडला दाबून सरळ धरणारे रोलर, तिरके आहेत. लाट लांब, अर्धा-पाऊण मीटरची आणि त्याच वेळी इंजिनाचा आवाज खाली बसत असेल तर वेग पडतोय.

जाडी जवळपास ठीक, पण पृष्ठभागावर धुण्याच्या दगडासारख्या बारीक आडव्या रेघा असतील तर रेघांमधलं अंतर मोजा. ब्लेडचा वेग सेकंदाला साधारण २५ मीटर असतो. चाकाचा परीघ १.५२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेसोळा फेरे घेतं आणि चार मीटरचं ब्लेड सव्वासहा. हेड मिनिटाला ६ मीटर ढकललं तर ते सेकंदाला १०० मिमी पुढे जातं. म्हणून दर ६ मिमीला रेघ आली तर दोष चाकात किंवा त्यावरच्या रबरी पट्ट्यात आहे. दर १६ मिमीला आली तर ब्लेडच्या जोडात किंवा एखाद्या वाकड्या दातात. हेड हळू ढकललं की दोन्ही अंतरं कमी होतात, पण त्यांचं गुणोत्तर २.६ च्या आसपासच राहतं. कुठलाही सुटा भाग विकत न घेता चाक आणि ब्लेड वेगळं काढायची याहून सोपी युक्ती नाही.

हात घालण्याआधी

पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लगची वायर काढा. मोटर असेल तर मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, खोलीत नको. गुंडाळलेलं ब्लेड ही स्प्रिंग आहे. ते सोडताना चष्मा, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, मुलं लांब हवीत. यंत्र चालू असताना ब्लेडच्या रेषेत, म्हणजे हेडच्या दोन्ही बाजूंना, कुणी उभं राहायचं नाही. ब्लेड तुटलं तर ते तिकडेच येतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केला की त्याच ओंडक्यावर एक फळी काढा, मोजा, मग पुढचं. तीन गोष्टी एकदम बदलून फळी सरळ आली तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तीच लाट परत येते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

ओंडका हलतोय का? कापताना क्लॅम्पजवळ ओंडक्यावर आणि बेडवर मिळून खडूची एकच रेघ मारा. फळी निघाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ओंडका सरकला. जुन्या यंत्रांचे क्लॅम्पचे दात झिजून गुळगुळीत झालेले असतात, ते कानशीने पुन्हा काढता येतात.

साल. चिखलातून ओढून आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू असते, आणि वाळूतून पाच फूट गेलं की धारेचं काही राहत नाही. ब्लेड जिथून आत शिरणार तेवढी साल तासून टाका. बांधावरच्या झाडाच्या पोटात कुंपणाची तार आणि अंगणातल्या आंब्यात खिळे हे गृहीतच धरायचं. टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पडतो. टोकाला तसा डाग दिसला की हातातला छोटा मेटल डिटेक्टर फिरवा, तोही नसेल तर तेवढा भाग सोडून द्या.

ब्लेडवरचा चीक. थांबल्यावर ब्लेडच्या दोन्ही अंगांवर बोट फिरवा. फणसाचा चीक आणि चिडाची राळ ब्लेडवर थर धरते. थरामुळे ब्लेड जाड होतं, घासतं, तापतं. चार मीटरचं पोलादी ब्लेड ३० अंशांनी तापलं की जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होतं. तेवढ्याने ताण इतका उतरतो की ब्लेड मधोमध डुलायला लागतं. सुरुवातीची एक-दोन फूट फळी सरळ आणि मग लाट, हे त्याचं लक्षण. पाण्याची टाकी भरलेली आहे ना, नळी तुंबलेली नाही ना, ते बघा. २० लिटर पाण्यात अर्धा कप भांडी घासायचं लिक्विड पुरतं. धार नको, थेंबांची रांग हवी. डिझेल टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने चीक सुटतो खरा, पण चाकावरचं रबर फुगतं, भुसा पेट घ्यायला तयार होतो आणि फळीला वास राहतो.

ताण. ब्लेडचा ताण दाखवणाऱ्या गेजचा काटा कापताना बघा, उभ्या यंत्रावर नाही. तापल्यावर काटा खाली आला तर पुन्हा ताणायला हवं. हायड्रॉलिक सिलिंडरवाल्या जुन्या यंत्रात तेल झिरपून काटा तासाभरात आपोआप उतरतो. गेजच मेलेला असतो असंही होतं. ब्लेड पूर्ण सैल केल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर त्याच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. काम संपल्यावर ताण उतरवून ठेवायचा. रात्रभर ताणलेल्या ब्लेडखाली रबराला खोलगट जागा पडते, आणि ती जागा पुढे दर ६ मिमीच्या रेघेने फळीवर दिसते. वर्षानुवर्षं ताणून ठेवलेल्या यंत्राचं तर विचारूच नका.

एका ब्लेडचा खर्च

आता ज्याच्या धारेबद्दल खात्री आहे असं ब्लेड चढवा. खात्री म्हणजे कारखान्याची मूळ धार असलेलं, पाकिटातून काढलेलं. गावात धार लावून आणलेलं ब्लेड इथे "नवं" नाही. यंत्राबरोबर मिळालेली जुनी गंजकी ब्लेडंही बाद. गंजाच्या खड्ड्यातून दातांच्या बुडाशी तडा जातो.

या ब्लेडने फळी सरळ आली तर इथेच थांबा. यंत्राला हात लावू नका. दोष धार लावण्यात आहे आणि पुढचा सगळा प्रश्न धारवाल्याशी बोलायचा आहे. त्याला विचारायच्या गोष्टी अशा.

दातांचा सेट, म्हणजे दात आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला वळवलेले असतात तो. सुक्या, कठीण लाकडाला प्रत्येक बाजूला ०.४५ ते ०.५ मिमी, ओल्या आणि मऊ लाकडाला ०.५५ ते ०.६५. हे डायल गेजने मोजायचं, नजरेने नाही. डाव्या आणि उजव्या बाजूत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ब्लेड जास्त वळलेल्या बाजूला पळणारच. सेट कमी असला तर काप अरुंद होतो, ब्लेडचं अंग लाकडाला घासतं आणि सापासारखी लाट येते. सेट जास्त झाला तर भुसा काप भरून काढत नाही आणि दातांच्या खरवडी फळीवर उमटतात. धार लावल्यावर दरवेळी सेट तपासायला हवा, कारण टोक घासलं की वळलेला भागच कमी होतो. दोन-तीनदा धार लागलेलं ब्लेड लाटा काढतं ते बहुधा यामुळे.

दाताचा पुढचा कोन. सर्वसाधारण कामाला १० अंशांचं ब्लेड मिळतं. सुकी बाभूळ, जुनं सागवान अशा लाकडाला ते जास्त आक्रमक ठरतं. तिथे ४ ते ७ अंश शांत चालतात. सागवानात सिलिका असते, त्यामुळे त्यावर धार इतर लाकडांपेक्षा लवकर जाते. ओल्या आंब्यावर जे ब्लेड दुपारपर्यंत टिकतं ते सागवानावर तेवढं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन तास सलग कापलं की ब्लेड उतरवायचं, धार शिल्लक वाटली तरी.

दातांच्या टोकांवर निळी झाक असेल तर धार लावताना पोलाद जळलं आहे. ते टोक मऊ पडतं आणि पहिल्या गाठीलाच बसतं. अशा धारवाल्याला एकदा सांगून बघा, दुसऱ्यांदा दुसरा शोधा.

चाकांवरचे पट्टे

खात्रीच्या ब्लेडनेही लाट आली तर चाकांचे झाकण उघडा. या जातीच्या यंत्रात चाकाच्या खाचेत बी-५७ मापाचा व्ही-बेल्ट बसवलेला असतो आणि ब्लेड त्याच्या पाठीवरून धावतं. रबर लोखंडी कडेच्या वर उठून दिसलं पाहिजे. चाकावर आडवी पट्टी ठेवून बघा. दीड मिमीच्या आत आलं असेल तर पट्टे बदला, आणि दोन्ही एकदम बदला. ब्लेड लोखंडावर धावायला लागलं की ते घसरतं, आणि सेट पुसला जातो. वर्षानुवर्षं उभ्या यंत्रात रबर कडक होतं, त्याला भेगा जातात. नख रुतत नसेल तर जाडी पुरेशी असली तरी ते टाकून द्या. या मापाचा पट्टा शेतीयंत्रांच्या दुकानातही मिळतो, कंपनीचाच हवा असं नाही. घेताना दोन्ही एकाच बनावटीचे घ्या. पट्ट्याखालच्या खाचेत साचलेला भुसा पूर्ण खरवडून काढा. तसाच ठेवला तर नवा पट्टाही त्या उंचवट्यावर उचललेला राहील.

ब्लेड चढवल्यावर हाताने चाक फिरवून त्याची जागा बघा. दोन दातांमधल्या खोलगट भागाचा तळ चाकाच्या पुढच्या कडेपासून ३ मिमी बाहेर हवा. दात रबरावर धावले तर रबर कापलं जाईल आणि सेट जाईल.

गाइड रोलर

इथे वेळ द्या. पुन्हा उभ्या केलेल्या यंत्रात दुरुस्त करणाऱ्याने गाइड काढून "अंदाजाने" परत बसवलेले असतात, त्यामुळे धारेनंतर सगळ्यात जास्त लाटा इथून येतात.

पहिली गोष्ट, दाब. दोन्ही गाइड वर करून ब्लेडला लागणार नाहीत असे ठेवा. ब्लेड बेडच्या आडव्या बारपासून समजा ३८१ मिमी वर आहे. गाइड बसवल्यावर ते ३७५ वर आलं पाहिजे, म्हणजे गाइडने ब्लेड ६ मिमी खाली दाबलं पाहिजे. दाब नसला तर चाकांचा प्रत्येक थरथराट थेट लाकडात उतरतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा, नाहीतर एक कड जाड निघेल.

दुसरी गोष्ट, तिरकेपणा. ब्लेडला आडवी बसेल अशी ४० सेंटिमीटरची सरळ पट्टी गाइडजवळ क्लिपने लावा, दाताच्या टोकावर न टेकवता. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची बेडपासूनची उंची मोजा. फरक ०.८ मिमीच्या आत हवा. पुढची कड खाली झुकलेली असेल तर ब्लेड बुडी मारतं, वर असेल तर चढतं. ब्लेड कायम एकाच दिशेला पळत असेल आणि दातांचा सेट बरोबर असेल तर कारण इथे सापडतं.

तिसरी, मागची कॉलर, म्हणजे रोलरची ब्लेडच्या पाठीमागची उंच कड. ब्लेडच्या पाठीत आणि रोलरच्या कॉलरमध्ये मोकळं असताना १.५ ते ३ मिमी फट हवी. फट नसेल तर पाठ सतत घासते, कडक होते आणि तिथून ब्लेड तुटतं. फट जास्त असेल तर ढकलताना ब्लेड मागे सरकून चाकावरची जागा सोडतं.

रोलर हाताने फिरवा. खरखर असेल तर बेअरिंग बदला. रोलर एका बाजूने झिजून गाजरासारखा निमुळता झाला असेल तर कितीही ॲडजस्ट करा, ब्लेड तिरकंच राहील. शेवटी, सरकणारा गाइड ओंडक्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. एक फुटाचा ओंडका कापताना तो दोन फुटांवर ठेवणं हा यंत्राचा दोष नाही, आळस आहे.

वेग

पेट्रोल इंजिनाचा मोकळा वेग बहुतेक यंत्रांत मिनिटाला ३६०० फेरे असतो. टॅकोमीटरने मोजा. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाची) जोडणी गंजून अडकली असेल तर मोकळा वेग बरोबर दाखवतो, पण भार आल्यावर थ्रॉटल उघडतच नाही. मग ड्राइव्ह बेल्ट. दोन पुलींमधल्या अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, दर फूटभर अंतराला सुमारे ५ मिमी दबला पाहिजे. चकाकणारा, जळका वास येणारा बेल्ट ताणत बसण्यापेक्षा बदला.

इंजिन काढून तिथे थ्री-फेज मोटर लावलेली यंत्रं बरीच दिसतात. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ४१५ चे ३५० व्होल्ट झाले की टॉर्क सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो. संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर लाटा आणि सकाळी सरळ फळी, असं असेल तर व्होल्टमीटर लावा. करवत धारेची आणि यंत्र नीट, तरी फळी बिघडते ती अशी. तोवर हेड हळू ढकला. पण फार हळूही नको, दात कापायचं सोडून घासायला लागतात.

बेड, रूळ, हेड

पोहोचलात इथवर तर आता पाणसळ आणि दोरी. काळ्या मातीवर उभं केलेलं यंत्र पावसाळ्यात उचललं जातं आणि उन्हाळ्यात खचतं, म्हणून जॅकखाली रुंद फळ्या किंवा जुने स्लीपर हवेत. रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून दर मीटरला फट मोजा. बेडचे आडवे बार रुळाला समांतर आहेत का, ते ब्लेडपासून प्रत्येक बारपर्यंत दोन्ही टोकांना मोजून बघा. हेड खांबाला धरून हलवा. खडखड झाली तर खांबावरचे रोलर किंवा पॅड झिजलेत, ते शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून किंवा फिरवून घट्ट होतात. वर-खाली करायची चेन ढिली असेल तर हेड दर वेळी वेगळ्या उंचीवर थांबतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

चाकाच्या आऱ्याला, हबला किंवा खांबाच्या बुडाच्या वेल्डला तडा दिसला तर यंत्र चालू करायचं नाही, एक फळीसुद्धा नाही. चाक बिडाचं असेल तर त्यावर घरचं वेल्डिंग नको. चाकाचा शाफ्ट वाकलाय किंवा बेअरिंग बसायची जागा ढिली झालीय, हे काम लेथवाल्याचं. डायल गेज लावल्याशिवाय तो काही सांगत असेल तर दुसरीकडे जा.

हायड्रॉलिक सिलिंडरमधून बारीक फवारा येत असेल तर गळती बोटाने शोधू नका. दाबाखालचं तेल कातडीतून आत जातं, बाहेरून टोचल्यासारखंच दिसतं आणि त्यावर लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठा धरून बघा, दुरुस्ती हायड्रॉलिकवाल्याकडे द्या. थ्री-फेजचं वायरिंग आणि स्टार्टर परवानाधारक वायरमनकडे.

रूळ किंवा बेड पाणसळीवर आणूनही ३ मिमीपेक्षा जास्त वाकडा राहत असेल तर तापवून सरळ करायचे प्रयोग करू नका. चांगला फॅब्रिकेटर तो टेबलावर घेऊन सरळ करतो. तुमच्या हातून तो दुसरीकडे वाकेल. खात्रीची ब्लेडंही तासाभरात एकामागून एक तुटत असतील तरीही थांबा. चाकं एका पातळीत नाहीत, आणि ती जुळवणं हे त्या जातीचं यंत्र आधी उघडलेल्या मिस्त्रीचं काम आहे. त्याला बोलवाल तेव्हा खडूचे आकडे लिहिलेली ती फळी जपून ठेवलेली असू द्या.